मोज्यांची दोरी

मागच्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही चित्रांचं एक प्रदर्शन लावलं होतं. फार मोठं काही नाही, कॉलनीतल्या पोरांनी काढलेली चित्रं, दोघी-तिघींची वारली, एका आजोबांनी वॉटरकलरमध्ये केलेला राजवाडा आणि एक अख्खी भिंत ‘आपले जवान’ म्हणून, कारण कॉलनीत चार-पाच माजी सैनिक राहतात, दरवर्षी त्यांना शाल-श्रीफळ देऊन फोटो काढतो, तर या वेळी जरा वेगळं करू असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. ती भिंत माझ्याकडे होती. संध्याकाळच्या आरतीच्या थोडं आधी सुभेदार काका आले. मागच्या गल्लीत राहतात, पासष्टीचे असतील, चालताना अजून पाठ सरळ. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम. त्यांना चित्र काढता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. टेबलावर ठेवून त्यांनी चादर उलगडली आणि मी बघितलं तर सगळं काळं-करडं, एका बुटक्या खोपटासारख्या जागेत आडवी बांधलेली दोरी, तिच्यावर ओळीने वाळत घातलेले मोजे, खाली एक स्टोव्ह. बस्स. माणूस नाही, बंदूक नाही, डोंगर नाही. माझ्या डोक्यात तेव्हा पन्नास कामं, माइकवाला आलेला नव्हता, शिऱ्याचं पातेलं यायचं होतं, आणि मी म्हणून गेले, “काका, सुंदरच आहे, पण यात जवान कुठेय? कोपऱ्यात एक छोटासा तिरंगा काढता का, म्हणजे बघणाऱ्याला पटकन कळेल.”

त्यांनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “बरोबर आहे, ताई,” म्हणाले आणि चादर परत गुंडाळायला लागले. कडा जुळवून, तळहाताने सुरकुती काढत, चारही कोपरे आत दुमडून, बिस्तरा बांधावा तसं. मग आरतीला थांबले, टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला, जाताना मला नमस्कार केला. त्या रिकाम्या जागी मी चौथीतल्या एका मुलाने काढलेला सॅल्यूट करणारा जवान लावला. भिंत छान दिसली, सगळ्यांनी कौतुक केलं.

ते “बरोबर आहे, ताई” मात्र माझ्या कानातून जाईना.

चिडले असते तर बरं झालं असतं असं मला नंतर कितीतरी वेळा वाटलं. चिडलेल्या माणसाची माफी मागता येते. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, सवय होती. आपण काही सांगायला गेलो की समोरचा त्यात आपल्याला हवं ते शोधतो आणि नाही सापडलं की कोपऱ्यात झेंडा काढायला सांगतो, हे त्यांच्या बाबतीत आधीही झालेलं असणार. आणि मी काही देशाबद्दल प्रेम नसलेली बाई नाही. १५ ऑगस्टला आजही माझ्या अंगावर काटा येतो. म्हणूनच ते जास्त टोचत होतं.

इंदूरला राहून फौज आपल्याला परकी वाटावी हे तसं नवलच आहे. महू इथून वीस-पंचवीस किलोमीटर. इन्फंट्री स्कूल तिथे, सिग्नलवाल्यांचं कॉलेज तिथे, वॉर कॉलेज तिथे. बाबासाहेबांचा जन्मही त्याच छावणीत झाला, १८९१ ला, कारण वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. आणि आमचं महूशी नातं काय, तर पावसाळ्यात पातालपाणीला धबधबा बघायला जाताना लागणारं गाव. लहानपणी गाडीच्या खिडकीतून आखीवरेखीव रस्ते, चुन्याने रंगवलेले दगड, सकाळी सकाळी पळणारी मुलं दिसायची, बाबा म्हणायचे “बघा कशी शिस्त आहे,” आणि आम्ही डब्यातल्या पुऱ्या काढायचो. शाळेत जवानाचं चित्र काढायला सांगितलं की चाळीसच्या चाळीस वह्यांत तेच यायचं, दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये झेंडा, बाजूला बंदूक घेतलेला माणूस. त्याचा चेहरा काढायला कोणी थांबत नसे, कारण टोपी काढली की बराचसा चेहरा झाकला जायचा. तेच पाठ झालेलं चित्र घेऊन मी पन्नाशीला आले, आणि एक खराखुरा सैनिक त्याचं स्वतःचं चित्र घेऊन माझ्यासमोर उभा राहिला तर मला त्यात जवान दिसेना.

त्यातून मी या गावची. १९२७ ला देवळालीकर मास्तरांनी इथे चित्रकलेची शाळा काढली, बेंद्रे, हुसेन इथून शिकून गेले. आणि चिंचाळकर गुरुजी तर आमच्या घरातल्यासारखे वाटायचे. आई मला लहान असताना त्यांच्या कामाच्या एका प्रदर्शनाला घेऊन गेली होती, तिथे झाडाचं मूळ होतं आणि ते मूळच पक्षी होतं, वाळकं पान होतं आणि त्या पानाला म्हाताऱ्याचा चेहरा होता, गुरुजींनी त्याला काही केलेलंच नव्हतं, फक्त योग्य बाजूने ठेवलं होतं. घरी येताना टेम्पोत आई म्हणाली, “बघायला वेळ द्यावा लागतो गं.” हे वाक्य मी माझ्या मुलांना कितीदा ऐकवलंय. आणि त्या संध्याकाळी माझ्याकडे मोज्यांसाठी अर्धा मिनिट नव्हता.

काकांच्या घरी जायला निमित्त मिळालं ते दिवाळीच्या साफसफाईत. आमच्या देवघराशेजारी एक पितळेची फुलदाणी आहे, सरळ नळकांड्यासारखी, वीतभराहून थोडी उंच, अंगावर पानांची वेल ठोकून काढलेली. सासरची आहे. घरात तिला सगळे ‘बसऱ्याचं भांडं’ म्हणतात. सासूबाई त्यात दसऱ्याला झेंडू आणि एरवी गुलछडी ठेवायच्या. बसरा हे बर्तन बाजारातल्या एखाद्या दुकानाचं नाव असेल असंच मी लग्नानंतर कित्येक वर्षं धरून चालले होते, कोणाला विचारलंही नाही. त्या दिवशी पितांबरीने घासताना ते उलटं केलं तर बुडाला इंग्रजी अक्षरं लागली. वर्षानुवर्षांच्या काळपटाखाली दबलेली, पण बोटाला लागत होती. आकडे होते, एक बाणासारखी खूण होती. आणि मला एकदम वाटलं की हे कोणाला कळेल तर ते सुभेदार काकांना.

दुपारी चारच्या सुमाराला पिशवीत भांडं घालून गेले. दार काकूंनी उघडलं. काकू इंदूरच्याच, माहेर मल्हारगंजचं, काका मूळचे साताऱ्याकडचे, शेवटचं पोस्टिंग महूला होतं म्हणून इथेच घर केलं. “अगं ये ना, हे मागेच बसून राहिलेत, काजळी धरून राहिलेत,” काकू म्हणाल्या, आणि मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मागच्या पडवीत काका पाटावर बसले होते, समोर वातीचा दिवा, दिव्यावर दोन विटांच्या आधाराने पालथी घातलेली जुनी थाळी. रॉकेलचा वास सगळीकडे. लहान बाळासाठी घरी काजळ धरायचे ना, तस्संच. थाळी गार झाली की ते कोंबडीच्या पिसाने काजळी खरवडून वाटीत घेतात, भिजवलेल्या डिंकाच्या पाण्यात बोटाने घोटतात आणि त्या काळ्यानेच सगळी चित्रं काढतात. रंग एकच. करडं हवं असेल तर पाणी वाढवायचं, पांढरं हवं असेल तर कागद तसाच सोडायचा.

मी आधी भांडं काढलं. धीर होईना दुसरं काही बोलायचा. काकांनी ते हातात घेतलं आणि वेल बघितलीच नाही, आधी उलटं केलं. चष्मा कपाळावर सरकवून, बूड उजेडाकडे धरून अंगठ्याने एकेक अक्षर चाचपत गेले. “हे बघा, १८ पीआर. म्हणजे अठरा पाउंडर, तोफेचं काडतूस आहे हे. हा मधला गोल दिसतोय ना, इथं प्रायमर बसतो, त्याच्यावर ठोका बसला की बार उडतो. हे बाणाचं टोक म्हणजे इंग्रज सरकारचा शिक्का. आणि हे साल. १९१६.” मग कुठे त्यांनी भांडं सरळ केलं आणि वेलीवरून हात फिरवला. आमच्या मेसमध्ये अशी दोन होती, म्हणाले. आत वाळू नाहीतर डांबर ठासून भरायचं म्हणजे पत्रा चेपत नाही, मग बाहेरून खिळ्याने ठोकत ठोकत नक्षी काढायची. फुरसत असायची तेव्हा. लढाईत लढाई थोडी आणि वाट बघणं फार.

बसरा म्हणजे इराकमधलं बसरा, हे मला त्या दिवशी, त्या पडवीत कळलं. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी तिकडे गेल्या होत्या, तिथल्याच कुत गावाच्या वेढ्यात त्यातल्या तीन पलटणी अडकल्या आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये कुत पडलं तेव्हा वेढ्यातले हजारो सैनिक कैदेत गेले. सासऱ्यांच्या आजोबांचे एक भाऊ पलटणीत होते एवढं मी ऐकून होते. त्यांनीच हे ठोकलं का, की तिथल्या बाजारातल्या एखाद्या तांबटाकडून विकत आणलं, ते आता सांगणारं कोणी नाही. काकांनी तेही सांगितलं, की अशी पुष्कळशी भांडी कारागीर करून शिपायांना विकायचे, तेव्हा उगाच छाती फुगवू नका. पण काही असो, एक माणूस एवढ्या लांबून, एवढं जड काडतूस, सामानात इतर काहीतरी कमी करून घरी घेऊन आला. त्याला काहीतरी दाखवायचं असणार. आणि घराने त्यात पाणी घालून फुलं ठेवली. शंभर वर्षं. चार पिढ्यांतल्या एकानेही ते उलटं करून विचारलं नाही की बाबा हे काय आहे.

“काका, ते मोज्यांचं चित्र बघू का परत?” मी विचारलं.

ते काही न बोलता आत गेले आणि तीच चादर घेऊन आले. या वेळी मी बसले. खाली, फरशीवर, मांडी घालून. जवळून बघितल्यावर कळलं की ते कागदावर नाहीच, एका जाड पुठ्ठ्यावर आहे, खोक्याचा पुठ्ठा, घडीची रेघ मध्यातून गेलेली आणि त्या रेघेचाच त्यांनी तंबूच्या वाशासारखा उपयोग केलेला. मोजे वेगवेगळे होते. एकाची टाच रफू केलेली, एकाचा वरचा पट्टा सैल पडलेला, एक जोडी इतकी नवी की पायाचा आकार अजून बसायचा होता. प्रत्येक मोजा कोणाच्या तरी पायाचा होता, म्हणजे माणसं नव्हती असं मी म्हणाले ते चूकच होतं, मोजता येतील इतकी माणसं होती त्यात. काकू चहा ठेवून गेल्या आणि काका हळूहळू बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, वाटीतलं काळं घोटत.

सियाचीनला १९८४ पासून आपली फौज बसलेली आहे, काका तिथे एक्याण्णव-ब्याण्णवच्या हिवाळ्यात होते. फायबरचं खोपटं, त्याला इग्लू म्हणायचे. आत स्टोव्ह चोवीस तास. “बंद केला तर गारठून मरायचं, चालू ठेवला तर काजळी खायची. सकाळी थुंकलं की बर्फावर काळं. नाकात काळं, कानात काळं, चपातीवर काळं. बाहेर डोळे फुटतील एवढं पांढरं आणि आत हे.” पेन चालत नसे, शाई गोठायची. मग एकदा त्यांनी इग्लूच्या भिंतीवरची काजळी बोटाने पुसली आणि रेशनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आपल्या घराचं दार काढलं, बाजूला तुळशीवृंदावन. ते बघून दुसऱ्याने त्याचं घर काढायला सांगितलं. मग तिसऱ्याने. कोणाची विहीर, कोणाचा बैल, कोणाच्या शाळेचा ओटा. न बघितलेली घरं काका ऐकून ऐकून काढायचे. “एकाने बायकोचं काढायला लावलं. नवंच लग्न. मी म्हटलं दिसायला कशी आहे ते तर सांग. तर त्याने नथ सांगितली. मोती किती, खडा कुठल्या रंगाचा, सगळं बरोब्बर. नथीच्या पुढं त्याला काय सांगताच येईना.” मग? “मग काय, नथ काढली. मोठी. पुठ्ठाभर. त्याने उशाशी लावून ठेवली.”

मोज्यांचं विचारलं तेव्हा ते जरा थांबले. तिथे पाय सांभाळणं हेच मोठं काम. रोज मोजे काढून एकमेकांची बोटं बघायची, रंग बदललाय का, टोचलं तर कळतंय का. मोजा ओला राहिला की बोट गेलं समजा, कधी पाय गेला. त्यामुळे ती दोरी म्हणजे पोस्टवरची सगळ्यात जपायची गोष्ट. संतरं दगडासारखं व्हायचं, अंडं हातोडीने फोडायला लागायचं, त्यावर हसता यायचं, मोज्यावर कोणी हसत नसे. “ताई, झेंडा होता की पोस्टवर. बाहेर होता. आत मोजे होते.” हे त्यांनी मला टोमणा म्हणून सांगितलं नाही. साधी माहिती द्यावी तसं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी चहाचा कप तोंडाला लावला.

मग मी मोजले. सात जोड्या आणि एक सुटा. सुट्या मोज्याच्या शेजारी दोरीवर तेवढीच जागा मोकळी सोडलेली. मी काही विचारायच्या आधीच काका म्हणाले, “त्याचं नाही सांगायचं मला. चित्रात आहे तेवढं आहे.” आणि मी मान हलवली. चित्र काढलं म्हणजे सगळं सांगितलंच पाहिजे असं आपण का धरून चालतो कोण जाणे. ते तेवढं तिथे ठेवू शकले, माझ्यासमोर ठेवू शकले, हेच पुष्कळ होतं.

नंतर मी रात्ररात्र बसून याबद्दल वाचत सुटले. अमेरिकेत व्हर्मांटमध्ये २००७ साली इराकच्या युद्धातून परत आलेल्या एका सैनिकाने एका कागद बनवणाऱ्या कलाकाराबरोबर एक काम सुरू केलं, आपली वर्दी कात्रीने कापून बारीक तुकडे करायचे, ते पाण्यात कुटून लगदा करायचा आणि त्याचा कागद काढायचा, मग त्या कागदावर लिहायचं, छापायचं. गावोगावी जाऊन दुसऱ्या माजी सैनिकांना बसवतात, आणि शेजारी गावातले साधे लोकही बसतात, तेही लगद्यात हात घालतात. शिकागोला व्हिएतनाममध्ये लढून आलेल्यांनी मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या नावाचा गळ्यातला पत्र्याचा बिल्ला ठोकून तयार केला, ५८ हजारांच्या वर बिल्ले, आणि ते छताला टांगले. नंतर ते एका सार्वजनिक वाचनालयात लावले, म्हणजे पुस्तक बदलायला आलेला माणूस मान वर करतो आणि त्याला ते दिसतात. मला हे फार बरोबर वाटलं. स्मारकाला आपण वर्षातून एकदा जातो, वाचनालयात दर आठवड्याला. आणि आपल्याकडे, पुण्याजवळ खडकीला, पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग गेलेल्या सैनिकांसाठी जे केंद्र आहे तिथले काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. मी कितीदा पुण्याला गेले, नणंदच राहते तिथे. तुळशीबागेत गेले, सारसबागेत गेले. खडकीवरून गाडीही गेली असेल.

वर्दी कापून कागद करतात हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. “वर्दी कापायची?” एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प. मला वाटलं चुकलंच आपलं. तेवढ्यात काकू आतून आल्या आणि मला हाताला धरून खोलीत घेऊन गेल्या. पलंगावर गोधडी होती. जुन्या सुती साड्यांचे तुकडे, नातवाचं झबलं, परकराची किनार, आणि मधे मधे हिरवे, विटके, ऑलिव्ह ग्रीन चौकोन. एका चौकोनाला काज तसंच ठेवलेलं होतं, बटण काढलेलं. “रिटायर झाल्यावर ट्रंकेत पडून राहिली होती. कसर लागून जाईल म्हणून मीच एके दिवशी कात्री लावली,” काकू हळू आवाजात म्हणाल्या, “दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. जेवले पण नाहीत नीट. तिसऱ्या रात्री बघते तर हीच पांघरून झोपलेले.” मी गोधडीवर हात ठेवला. धावदोरा इतका बारीक आणि इतका जवळ जवळ की हाताला शेतातल्या सऱ्या लागाव्यात तसं लागत होतं. ते सोळा-सतरा चौकोन एकमेकांपासून लांब लांब लावलेले होते, प्रत्येक हिरव्याच्या चारही बाजूंना घरातलं काहीतरी. काकूंनी हे ठरवून केलं का मला माहीत नाही, विचारलं तर म्हणाल्या जसे तुकडे हाताला आले तसे लावले. माझा नाही विश्वास बसला.

यंदाच्या गणपतीत मी भिंतीचं नाव काढून टाकलं. ‘आपले जवान’ नाही, काहीच नाही, नुसती चित्रं. कमिटीत थोडी कुरकुर झाली, पण झाली तर झाली. काकांनी चार चित्रं दिली, मोजे, नथ, एक नुसतंच पांढरं ज्यात खालच्या कडेला पावलांची एक ओळ आहे, आणि स्टोव्ह. नथीचं मूळ चित्र अर्थातच त्या माणसाकडे राहिलं, हे आठवून परत काढलेलं. खिळे मी माझ्या हाताने ठोकले. चित्राखाली नाव लिहायचं तर काकांनी पेन्सिलने एवढंच लिहिलं, “मोजे. जानेवारी.” सासूबाईंचं बसऱ्याचं भांडंही मी बाजूच्या स्टुलावर ठेवलं, आडवं, बूड लोकांकडे करून, आणि या वेळी त्यात फुलं नाही ठेवली.

पहिल्या दिवशी लोक येत होते, बघत होते, पुढे जात होते. बऱ्याच जणांनी तेच विचारलं जे मी विचारलं होतं, कोणी मनात, कोणी मोठ्याने. एकाने “जय हिंद” म्हणून काकांबरोबर सेल्फी घेतला, चित्राकडे पाठ करून. काका चित्रांच्या जरा बाजूला उभे होते, हात मागे बांधून, विश्रामच्या पवित्र्यात, आणि मी एकीकडे आरतीच्या ताटाकडे बघत होते आणि एकीकडे त्यांच्याकडे, आणि माझ्या पोटात गोळा येत होता की यांना मी परत एकदा तेच ऐकायला उभं केलंय की काय.

साडेआठच्या पुढे आबा आले. आबा म्हणजे आमच्या कॉलनीतले जुने मिल कामगार, ऐंशीला टेकलेले, नातवाचा हात धरून चालतात. एका कापड मिलच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे, बावीस वर्षं काढली, अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या मिलच्या झांकीत हलणारे हत्ती, फिरणारी चक्रं त्यांनी बसवलेली आहेत, रात्र रात्र जागून. त्यांना नीट दिसत नाही. ते चित्राच्या अगदी जवळ गेले, नाक लागेल इतके, आणि वास घेतला.

“रॉकेल का हो?” त्यांनी विचारलं.

“होय,” काका म्हणाले. हात सुटले त्यांचे मागचे.

“काजळी आहे ही. स्टोव्ह बंद खोलीत चालायचा?”

“बंद. चोवीस तास.”

“मग खोकल्यात काळं यायचं असेल.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. तोवर, मी धरून, कोणीही हे विचारलेलं नव्हतं. “यायचं. खाली आल्यावरही महिनाभर येत होतं.”

“आमचं पांढरं यायचं,” आबा म्हणाले. “कापूस. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छातीत जास्त धरायचं. घरी आलो की भुवयांवर, कानांच्या केसांवर सगळा कापूस, बायको म्हणायची म्हातारे होऊन आलात. घशातून ओढून काढायचो असं, तंतू.” आणि त्यांनी दोन बोटांनी हवेत एक लांब तंतू ओढून दाखवला. काकांनी लहान मुलासारखं त्या बोटांकडे बघितलं. मग त्यांनी आपल्या अंगठ्याचं नख पुढे केलं, नखाच्या कडेला कालच्या काजळीची काळी रेघ होती.

नातू घरी चला म्हणत होता. मी दोन खुर्च्या आणून भिंतीला लावल्या, चहा सांगितला. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, माणसं पांगली, मांडववाल्याने अर्धे दिवे बंद केले. मी पातेली मोजून ठेवत होते आणि मागून त्या दोघांचे आवाज येत होते, मधेच एकाचा खोकला, मधेच दुसऱ्याचा, काका विचारत होते की झांकीतल्या हत्तीची सोंड वर-खाली व्हायची ती नेमकी कशावर, आणि आबा सांगत होते, सायकलच्या चेनवर.